स्वतःच्या चरबीतून स्तनाची पुनर्रचना: पहिल्या भेटीपासून शेवटच्या टप्प्यापर्यंत

पोटावरची किंवा मांड्यांची चरबी काढायची, स्वच्छ करायची आणि छातीत भरायची. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की पहिला प्रश्न येतो, मग सगळ्यांनाच का करत नाहीत? आणि दुसरा, जरा हसत विचारलेला: पोटही कमी होईल ना? होईल, थोडंसं. पण त्यासाठी कुणी या वाटेला जाऊ नये. ही पुनर्रचना एका ऑपरेशनात उरकत नाही. ती टप्प्याटप्प्याने होते, आणि भरलेल्या चरबीतली बरीचशी शरीर जिरवून टाकतं. या दोन गोष्टी पहिल्याच भेटीत नीट समजल्या, तर पुढचं सगळं सोसवतं. नाहीतर तिसऱ्या महिन्यात ‘ऑपरेशन फेल गेलं’ असं वाटून घाबरगुंडी उडते.

कॅन्सरमुळे पूर्ण स्तन काढलेल्या किंवा गाठ काढल्यावर स्तनाला खड्डा पडलेल्या बायकांसाठी आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात बसणाऱ्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. चरबी भरून फक्त आकार वाढवणं हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

थोडा इतिहास, कारण तो उपयोगी आहे

कल्पना नवी नाही. १८९५ साली जर्मनीत व्हिन्सेन्झ चेर्नी या सर्जनने एका रुग्णाच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनात बसवली होती. पुढे लायपोसक्शन आलं, चरबी नळीवाटे काढता येऊ लागली, आणि १९८७ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी भरण्याला चक्क विरोध केला. कारण असं की भरलेल्या चरबीचा काही भाग मरतो, तिथे कॅल्शियम साचतं आणि मॅमोग्राफीत ते कॅन्सरसारखं दिसू शकतं. नव्वदच्या दशकात अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी चरबी हळुवार काढण्याची आणि थेंबाथेंबाने भरण्याची पद्धत रुळवली, मॅमोग्राफीही सुधारली, आणि २००९ मध्ये त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने सावधपणे मार्ग मोकळा केला.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की तुमच्या ओळखीतल्या एखाद्या जुन्याजाणत्या डॉक्टरांनी ‘असलं काही करू नका’ म्हटलं, तर ते त्या काळच्या शिकवणीनुसार बोलत असतील. त्यांची कॅल्शियमची शंका खोटी नाही, आता तिच्यावर उत्तर आहे. ते पुढे येईलच.

पहिली पायरी: कॅन्सरच्या डॉक्टरांकडे

प्लास्टिक सर्जनची अपॉइंटमेंट घेण्याआधी ज्यांनी कॅन्सरचे उपचार केले त्यांना भेटा. त्यांच्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, आजार सध्या आटोक्यात आहे आणि नवं ऑपरेशन करायला हरकत नाही, असा लेखी शेरा. दोन, अलीकडची तपासणी: दोन्ही बाजूंची सोनोग्राफी आणि शिल्लक स्तनाची मॅमोग्राफी. चरबी भरण्याआधीचं हे चित्र फाइलमध्ये असणं फार गरजेचं आहे, कारण नंतर हाताला काही लागलं तर तुलना याच्याशीच होणार. तीन, चालू गोळ्यांचं काय करायचं. टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून काही डॉक्टर मोठ्या ऑपरेशनच्या आधी ती काही आठवडे थांबवतात, काही थांबवत नाहीत. तो निर्णय त्यांचा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

याच भेटीत मनातला सगळ्यात मोठा प्रश्नही विचारून टाका: या चरबीने कॅन्सर परत तर येणार नाही? चरबीत स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, असतात आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्या कॅन्सरच्या पेशींना खतपाणी घालताना दिसल्या आहेत. भीती तिथून आली. प्रत्यक्ष बायकांवरच्या अभ्यासांमध्ये मात्र चरबी भरलेल्या आणि न भरलेल्या गटांत कॅन्सर परतण्याच्या प्रमाणात एकूण फरक आढळला नाही. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासाचाही निष्कर्ष तोच होता. त्यातल्या हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या उपगटात मात्र किंचित फरक दिसला होता. म्हणून सरसकट ‘काही होत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नका. तुमच्या गाठीचा प्रकार, टप्पा आणि उपचार संपून झालेला काळ पाहून तुमच्यापुरतं उत्तर मागा.

दुसरी पायरी: शेक झाला आहे का?

सगळं वेळापत्रक या एका प्रश्नावर ठरतं. रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, तो घेतलेली कातडी घट्ट होते, खालच्या बरगड्यांना चिकटते आणि तिथला रक्तपुरवठा रोडावतो. भरलेली चरबी जगते ती आजूबाजूच्या रक्तपुरवठ्यावर. म्हणजे जिथे चरबीची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ती सगळ्यात कमी तगते.

पण यात एक सुखद भागही आहे. शेक दिलेल्या जागी थोडी थोडी चरबी भरली की ती कातडीच हळूहळू मऊ होऊ लागते. इटलीतल्या जिनो रिगोटी यांनी २००७ मध्ये हे मांडलं आणि तेव्हापासून कित्येक सर्जन पहिला टप्पा आकारासाठी धरतच नाहीत. त्यात जखमेचे आतले चिकट धागे सुईने सोडवायचे, थोडी चरबी पसरायची आणि कातडी सैल व्हायची वाट पाहायची. शेक झालेल्या बाईला पहिल्या टप्प्यानंतर आरशात फारसा फरक दिसला नाही, तरी बोटांना दिसतो: कातडी चिमटीत यायला लागते.

शेक संपल्यावर किमान ६ महिने तरी थांबायला सांगतात. कातडी अजून लाल, कडक असेल तर आणखी. शेक न झालेल्यांना पूर्ण स्तनासाठी साधारण २ ते ४ टप्पे लागतात. शेक झालेल्यांनी ४ ते ६ची मनाची तयारी ठेवावी, किंवा फक्त चरबीवर अवलंबून न राहता पाठीच्या स्नायूचा वा पोटाच्या कातडीचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट आणलेला तुकडा, घेऊन वरून चरबीने आकार नीट करण्याचा मार्ग विचारावा. माझं मत विचाराल तर, शेक झालेला आणि स्तन मोठा हवा असेल, तर नुसत्या चरबीचा हट्ट धरू नये. दोन-अडीच वर्षं ऑपरेशन थिएटरच्या फेऱ्या मारत राहण्यापेक्षा एक मोठं ऑपरेशन परवडतं. गाठ काढून पडलेला छोटा खड्डा, इम्प्लांटच्या (आत बसवलेल्या कृत्रिम पिशवीच्या) कडेला दिसणारी घडी, फ्लॅपचा एखादा पोकळ कोपरा, किंवा लहान स्तनाची पूर्ण पुनर्रचना, इथे चरबीसारखं दुसरं काही नाही.

तिसरी पायरी: चरबी आहे का, आणि कुठली घ्यायची?

सडपातळ बायकांना इथेच नकार मिळू शकतो. पोट, कंबर, मांड्यांची बाहेरची आणि आतली बाजू, ही नेहमीची ठिकाणं. कुठल्या जागेची चरबी जास्त टिकते यावर ठोस फरक सिद्ध झालेला नाही, त्यामुळे जिथे पुरेशी आहे आणि जिथून काढल्यावर खड्डे दिसणार नाहीत तिथून घ्यायची.

पण एक गोष्ट सर्जनने स्वतःहून काढली नाही तर तुम्ही काढा. उद्या चरबीने काम भागलं नाही आणि पोटाच्या कातडीचा डीआयईपी फ्लॅप घ्यायची वेळ आली, तर त्यासाठी नाभीभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या शाबूत लागतात. पोटावर लायपोसक्शन झालेलं असेल तर त्यांना इजा झालेली असू शकते. तेव्हा ‘पोट राखून ठेवून मांड्यांपासून सुरुवात करता येईल का?’ हे विचारण्यासारखं आहे.

नाभीजवळ हर्निया असेल, सिझेरियन किंवा पोटाचं इतर ऑपरेशन झालं असेल, तर नक्की सांगा. चरबी ओढणारी नळी आत आडवी फिरते. हर्नियाच्या छिद्रातून ती आतड्यापर्यंत पोहोचणं दुर्मीळ, पण जिवावरचं. शंका असेल तर पोटाची सोनोग्राफी आधी करतात.

आणि वजन. ऑपरेशनसाठी मुद्दाम वजन वाढवू नका, पण त्याच काळात डाएटही सुरू करू नका. छातीत गेली तरी ती चरबी मूळची पोटाचीच राहते. वजन वाढलं की ती फुगते, उतरलं की ओसरते. सहा-आठ महिने ज्या वजनावर स्थिर आहात, त्याच वजनावर ऑपरेशन करून घेणं बरं.

मिलिलिटरचं गणित

हे एकदा कागदावर करून पाहा. ठोकळ आकडे घेऊ. समजा तुमचा दुसरा स्तन ३५० मिलिलिटरचा आहे. एका वेळी छातीच्या त्या जागेत २०० मिलिलिटर शुद्ध चरबी मावते. पहिल्यांदा कमीच मावते, कारण कातडी सपाट आणि घट्ट असते. भरलेल्यातली साधारण ५० ते ७० टक्के टिकते, काहींची त्याहून कमी. म्हणजे २०० भरले तर १०० ते १४० उरणार. तीन टप्पे नीट पार पडले तर तुम्ही ३५०च्या आसपास पोहोचता, एखादा टप्पा कमी टिकला तर चौथा लागतो. दोन टप्प्यांमध्ये किमान ३ महिने, बहुतेक ठिकाणी ३ ते ६. त्यावर निपलचं काम. बेरीज केलीत तर वर्ष-दीड वर्ष होतं.

‘एकदम ४०० भरून टाका ना डॉक्टर’ असं प्रत्येकीला वाटतं. ते का करत नाहीत? नव्या जागी आलेल्या चरबीच्या पेशीला पहिले काही दिवस स्वतःची रक्तवाहिनी नसते. बाजूच्या पेशींमधून झिरपणाऱ्या प्राणवायूवर ती तग धरते, आणि तो दीड-दोन मिलिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. म्हणून चरबी भाताच्या लावणीसारखी भरावी लागते, काडीकाडीने, मध्ये जागा सोडून, वेगवेगळ्या थरांत. मूठभर रोपं एका खड्ड्यात कोंबली तर मधली कुजणार. चरबीचंही तसंच होतं: मधला गोळा मरतो, त्याचं तेल होतं, त्याची गाठ बनते. जास्त भरणारा सर्जन उदार नसतो.

जागा वाढवण्याचे उपाय आहेत. छातीवर बसवायचा निर्वात कप ऑपरेशनच्या आधी काही आठवडे रोज कित्येक तास लावून कातडी ओढून घेतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा कप आणि चरबी विरुद्ध इम्प्लांट अशी थेट तुलना होती. वर्षभरानंतर चरबीच्या गटातल्या बायका स्वतःच्या स्तनांबद्दल अधिक समाधानी होत्या, आकार मात्र सरासरीने इम्प्लांटपेक्षा लहान होता. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने चिकटलेला तो कप रोज दहा तास लावून बसायचं हे ज्याने सुचवलं त्याने एकदा लावून पाहावं, पण पद्धत म्हणून ती खरी आहे. दुसरा उपाय, स्तन काढतानाच आत सलाइनची फुगवायची पिशवी, म्हणजे एक्स्पांडर, ठेवायची. मग प्रत्येक टप्प्यात जेवढी चरबी भरली तेवढं सलाइन काढून घ्यायचं, आणि शेवटी रिकामी पिशवी बाहेर. ऑपरेशनच्या आधीच पुनर्रचनेचा विचार करणाऱ्यांनी हा पर्याय आवर्जून विचारावा.

चौथी पायरी: सर्जन आणि त्याला विचारायचे प्रश्न

पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ असणं पुरेसं नाही. एमएस किंवा डीएनबीनंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का, राज्याच्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, हे पाहा. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. जिथे कॅन्सर सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि प्लास्टिक सर्जन एकाच छताखाली किंवा निदान एकमेकांच्या फोनवर असतात अशी जागा निवडा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग असतो. उपचार दुसरीकडे झाले असले तरी दुसरं मत घ्यायला जाता येतं.

विचारायचं ते असं: माझ्यासारख्या, म्हणजे शेक झालेल्या अथवा न झालेल्या, किती जणींना तुम्ही फक्त चरबीने स्तन करून दिला? त्यांचे सहा महिन्यांनंतरचे फोटो दाखवाल का? दोन आठवड्यांचा फोटो पाहूच नका, तो सुजेचा असतो. माझ्या बाबतीत किती टप्पे धरता? काम अर्धवट राहिलं तर पुढचा मार्ग काय? दुसऱ्या स्तनाला जुळवण्यासाठी त्यावर काही करावं लागेल का? इम्प्लांट, फ्लॅप किंवा काहीच न करता छाती नीट सपाट ठेवणं, यांपैकी माझ्यासाठी तुम्हाला स्वतःला काय योग्य वाटतं?

शेवटचा पर्याय आपल्याकडे कुणी उच्चारत नाही. पुनर्रचना केलीच पाहिजे असं काही नाही. चांगल्या बनावटीचा सिलिकॉनचा पॅड आणि त्यासाठी कप्पा असलेली ब्रा वापरून वर्षानुवर्षं आनंदात राहणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. सासर-माहेरचं कुणी आग्रह करतंय म्हणून टेबलावर झोपू नये, आणि ‘या वयात कशाला हवंय’ म्हणून कुणी अडवत असेल तर थांबूही नये.

एका शब्दावर मात्र सावध व्हा: ‘स्टेम सेल ब्रेस्ट’. चरबीत स्टेम सेल वेगळ्या काढून मिसळल्याने जास्त टिकते, असा दावा करून दुप्पट पैसे लावले जातात. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्य असलेले रक्तविकारांसारखे ठरावीक उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर मंजुरी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा असतो, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. साधी चरबी भरणं यात येत नाही. वेगळ्या काढलेल्या, वाढवलेल्या पेशी येतात.

पाचवी पायरी: पैसे आणि विमा

‘प्लास्टिक सर्जरी आहे, विमा मिळणार नाही’ हे वाक्य हॉस्पिटलच्या काउंटरवर सर्रास ऐकायला मिळतं. ते अर्धसत्य आहे. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींमध्ये क्रमांक ०८ कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा आहे, पण त्यातच अपवाद लिहिलेला आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना. अट अशी की वैद्यकीय गरज असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं पाहिजे. म्हणून सर्जनच्या पत्रात ‘लायपोसक्शन’ किंवा ‘फॅट फिलिंग’ एवढंच लिहिलेलं नको. ‘स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतरची पुनर्रचना, नियोजित टप्पे अमुक’ असं स्पष्ट हवं. सोबत मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ऑपरेशनची डिस्चार्ज समरी जोडा. क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा आणि पॉलिसीतलं हे कलम दाखवून तक्रार करा, पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं.

प्रत्येक टप्प्याला वेगळी पूर्वमंजुरी लागते, पॉलिसी मध्येच खंडित होऊ देऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार झाले असतील तर पुनर्रचनेचं कुठलं पॅकेज लागू आहे हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी बायकांसाठी: तिथे १९९८च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेला पुनर्रचनेचे सगळे टप्पे आणि जुळवणीसाठी दुसऱ्या स्तनावरचं ऑपरेशनही द्यावं लागतं.

सहावी पायरी: आधीचा महिना

तंबाखू पूर्ण बंद, किमान ४ आठवडे आधी. सिगारेट इथल्या बहुतेक बायका ओढत नाहीत, पण मिश्री लावतात, आणि ती व्यसनात मोजली जात नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. तुमची चरबी त्याच वाहिन्यांची वाट बघत असते. मिश्री लावत असाल तर लाजू नका, सांगा.

साखर आटोक्यात हवी. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, काढे, आयुर्वेदिक चाटणं, सगळ्यांची यादी करून न्या. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला शक्यतो सलाइन आणि बीपीचा पट्टा नको, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा.

घेऊन ठेवायच्या वस्तू: डॉक्टर सांगतील त्या मापाचे दोन घट्ट कॉम्प्रेशन गारमेंट, म्हणजे एक धुवायला गेलं तरी चालेल. पुढून बटणांचे सैल गाऊन. जुन्या चादरी आणि रबर शीट, कारण पहिली रात्र ओली जाते.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं

उभं करून मार्करने खुणा करतात, आडवं झाल्यावर शरीर वेगळं दिसतं म्हणून. मोठ्या टप्प्यासाठी पूर्ण भूल, छोट्या दुरुस्तीसाठी जागा बधिर करूनही चालतं. जिथून चरबी घ्यायची तिथे आधी सलाइन सोडतात, त्यात रक्तस्राव कमी व्हावा म्हणून लिटरला साधारण १ मिलिग्रॅम ॲड्रिनलिन आणि वेदनेसाठी लिग्नोकेन असतं. मग बोथट नळीने, कमी दाबाने चरबी ओढतात. जोरात ओढली तर पेशी फुटतात.

बाहेर आलेल्यात पाणी, रक्त, फुटलेल्या पेशींचं तेल आणि चांगली चरबी असं मिश्रण असतं. ते वेगळं करायला कुणी सेंट्रिफ्यूज वापरतं, कोलमन यांची पद्धत मिनिटाला ३००० फेरे आणि ३ मिनिटांची. कुणी गाळणीने धुतं, कुणी नुसतं निवळू देतं. यातली एकच सर्वोत्तम असं ठरलेलं नाही, सर्जनचा हात ज्यावर बसला आहे ती ठीक. मग छोट्या सिरिंजने, दोनेक मिलिमीटरच्या बोथट नळीने, नळी मागे घेत घेत चरबी सोडत जातात. दोन-तीन तास लागतात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

धोकेही इथेच सांगतो. जंतुसंसर्ग, रक्त साकळणं, चरबी घेतलेल्या जागी उंचसखलपणा, हे नेहमीच्या यादीतले. फार क्वचित नळी छातीच्या आवरणात जाऊन फुप्फुसाभोवती हवा शिरते, किंवा चरबी रक्तवाहिनीत जाते. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं. सही करण्याआधी वाचा, मराठीत मागा.

घरी आल्यावर

पहिल्या रात्री मांडीवरच्या छोट्या छिद्रांतून गुलाबी पाणी वाहतं. चादर भिजलेली पाहून घरचे रक्तस्राव समजतात. भरलेलं सलाइन परत येतंय, दोन दिवसांत थांबतं. गडद लाल, ताजं रक्त सतत येत असेल तर मात्र फोन करा. छातीपेक्षा मांड्या-पोटच जास्त दुखतात, दळण दळल्यासारखे. काळेनिळे डाग पिवळे होत दोन-तीन आठवड्यांत जातात, बधिरपणा काही महिने राहू शकतो.

दाब कुठे द्यायचा आणि कुठे नाही यात गल्लत होते. मांड्या-पोटावर घट्ट गारमेंट, ४ ते ६ आठवडे, अंघोळ सोडून जवळजवळ दिवसभर. छातीवर दाब अजिबात नाही. तारेची ब्रा, घट्ट ब्लाउज, पालथं झोपणं, त्या बाजूवर झोपणं, बर्फ, मालीश, सगळं ३ ते ४ आठवडे बंद. बाळाला छातीशी घट्ट धरणंही. घरात चालणं पहिल्याच दिवशी सुरू करा, पायात गुठळी होऊ नये म्हणून. बसून करायच्या नोकरीवर आठवडा-दोन आठवड्यांत जाता येतं, पण लोकलच्या गर्दीत महिनाभर नको, तिथल्या कोपरांना तुमचं ऑपरेशन माहीत नसतं. पाण्याची बादली, हंडा, गॅसचा सिलिंडर महिनाभर दुसऱ्याने उचलावा.

ताबडतोब दवाखाना गाठायची कारणं: १००.४च्या वर ताप, छाती लाल-गरम होऊन दुखत जाणं, पू, श्वास लागणं, पोटरी एका बाजूने सुजणं, पोटात असह्य दुखणं.

तीन महिन्यांपर्यंत

पहिल्या आठवड्यात स्तन अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो. ती सूज. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तो लहान होऊ लागतो आणि साधारण तीन महिन्यांनी स्थिरावतो. या काळात रोज आरशासमोर मोजमाप करू नका. महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. पुढचा टप्पा ठरवताना सर्जनलाही ते उपयोगी पडतात. ब्लाउज शिवायला टाकायची घाई शेवटच्या टप्प्यानंतर आणखी तीन महिने थांबली तर शिंप्याचे पैसे वाचतात. तोवर लग्नकार्याला मऊ पॅड आणि सैल ब्लाउज.

गाठ लागली तर

लागू शकते, हे आधीच माहीत असू द्या. काही चरबी मरून तिची तेलाची पुटकुळी किंवा कडक गोळी होते. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईच्या बोटाला छातीत गोळी लागली की तिची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. बहुतेकदा सोनोग्राफीत अनुभवी रेडिऑलॉजिस्टला तेलाची पुटकुळी लगेच ओळखू येते. मोठी असेल तर सुईने तेल काढतात. चित्र स्पष्ट नसेल तर बायोप्सी करतात, आणि ती टाळू नये. स्वतःच ‘चरबीचीच असेल’ म्हणून गप्प बसू नका, कारण एखादीच का होईना, तशी नसते.

१९८७ची ती कॅल्शियमची अडचण आज यामुळेच बरीच सुटली आहे: मेलेल्या चरबीतलं कॅल्शियम बहुधा गोल, ठसठशीत, कडेने अंड्याच्या टरफलासारखं दिसतं, संशयास्पद कॅल्शियम बारीक आणि वेडंवाकडं. फरक ओळखायला मागच्या फिल्म समोर हव्यात.

पूर्ण स्तन काढलेल्यांना त्या बाजूची नियमित मॅमोग्राफी सहसा लागत नाही, डॉक्टरांचा हात आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा एमआरआय. फक्त गाठ काढलेल्यांची दोन्ही बाजूंची वार्षिक मॅमोग्राफी मात्र चालूच राहते, चरबी भरली म्हणून ती चुकवायची नाही.

निपल आणि शेवटची डागडुजी

आकार ठरल्यावर, शेवटच्या टप्प्यानंतर तीनेक महिन्यांनी. तिथल्याच कातडीची छोटी घडी करून निपल उभारतात, ते पुढे थोडं बसतं. भोवतीचा गडद रंग गोंदवून घेतात. काही जणी नुसतं गोंदणच पसंत करतात, त्यात उठाव असल्याचा भास देणारं गोंदणही असतं, आणि एक ऑपरेशन वाचतं. दुसरा स्तन ओघळलेला असेल तर त्याला वर उचलणं किंवा थोडं लहान करणं याच वेळी होतं.

प्रत्येक टप्प्यानंतर डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: तारीख, कुठल्या जागेतून चरबी घेतली, आणि छातीच्या कुठल्या भागात किती मिलिलिटर भरली. त्याची झेरॉक्स मॅमोग्राफीच्या फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला रेडिऑलॉजिस्टच्या टेबलावर स्वतःहून ठेवा. ते विचारतीलच असं नाही.